चिनी शिलापट्ट आधी मागून वाचा

प्रश्न थोडक्यात असा: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सहाव्या शतकातला, तीन मीटरहून उंच चिनी बौद्ध शिलापट्ट पाहिला. बुद्ध आणि बोधिसत्त्व ओळखता आले, पण त्यावर इतकी नावं कशासाठी? असा दगड घडवायचे कसा, आणि त्यावरची तारीख खरी कशावरून मानायची?

तुम्ही पाहिलेला पट्ट हलियान झयुए नावाचा अधिकारी आणि पाचशे जणांचं उपासक मंडळ यांनी मिळून करवून घेतलेला आहे. दगड चुनखडीचा, उंची ३०८ सेंटिमीटर, काळ इ.स. ५३३ ते ५४३. म्हणजे दहा वर्षं चाललेलं काम. एवढा काळ का लागला याचं उत्तर शिल्पापेक्षा नावांत शोधावं. अशा पट्टाकडे नुसती मूर्ती म्हणून समोरून बघितलं की अर्धी माहिती निसटते. हा वर्गणीतून उभा राहिलेला दगड आहे. कोणी दिलं, कशासाठी दिलं, कोणाला कुठला मान मिळाला हे सगळं त्यावरच लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते मागे, बाजूंच्या कडांवर आणि बैठकीवर असतं. म्हणून वाचायला सुरुवात तिथून करा.

वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाला चिनी लेखांत ‘यीयी’ म्हणतात. एका गावातले किंवा एका कुळातले लोक आणि त्यांना मार्गदर्शन करणारा एखादा भिक्खू, अशी ही रचना. उत्तर चीनमधल्या दातोंगजवळ युनगांगची बौद्ध लेणी आहेत, त्यांतल्या ११व्या लेण्यात इ.स. ४८३चा लेख आहे. त्यात ५४ स्त्री-पुरुषांनी मिळून ९५ मूर्ती कोरवल्याची नोंद आहे. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ही पद्धत खेड्यापाड्यांत पोचली आणि मंडळातल्या पदांची यादी लांबत गेली. ‘वेइना’ म्हणजे कारभार पाहणारा. ‘श्यांगचू’ म्हणजे मूर्तीचा मुख्य दाता. काही ठिकाणी डाव्या बोधिसत्त्वाचा दाता वेगळा आणि उजव्याचा वेगळा. ‘खायगुआंगमिंग-चू’ म्हणजे ज्याने नेत्रोन्मीलनाचा, म्हणजे मूर्तीचे डोळे उघडण्याच्या विधीचा, मान घेतला तो. एकाच पट्टावर चार मूर्ती असतील तर नेत्रोन्मीलनाचे मानकरीही चार असू शकतात. गणेशोत्सव मंडळाचं पावतीपुस्तक आणि निमंत्रणपत्रिका एकत्र दगडावर कोरली तर जे होईल, साधारण तेच.

नावाच्या आधी येणारी बिरुदं लक्षात ठेवली की चिनी न येणाऱ्यालाही पट्टाची मांडणी कळते. भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका, ‘बुद्धाचा शिष्य’ आणि मंडळाचा साधा सभासद ही त्यातली नेहमीची. आई-वडिलांच्या नावापुढे ‘दिवंगत’ असं अक्षर असेल तर ती व्यक्ती वर्गणी द्यायला नव्हती, तिच्या नावाने कोणीतरी पुण्य जोडलंय. नावांशेजारी छोट्या उभ्या आकृती असतात. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, हातात कमळ किंवा धूपदाणी, मागे छत्री धरणारा सेवक. पैसेवाल्यांच्या मागे घोडा आणि बैलगाडीसुद्धा. चेहरे ओळखू येतील असे कोरायचा प्रयत्न कुणी केलेला नाही. माणूस ओळखायचा तो शेजारच्या नावावरून.

इथेच पहिली गफलत दिसते. मूर्ती आणि दात्यांच्या रांगा कोरून ठेवायच्या, नावं वर्गणी जमेल तशी भरायची, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. त्यामुळे ‘सभासद’ हे बिरुद कोरलेलं आणि खाली नावाची जागा कोरीच, असे पट्ट सापडतात. उलटही होतं. जागा संपते आणि उरलेली नावं बारीक अक्षरांत कडेवर, दोन आकृत्यांच्या मधल्या फटीत, नाहीतर बैठकीच्या मागे घुसवलेली असतात. कोऱ्या जागा दिसल्या म्हणून दगड अर्धवट किंवा बनावट ठरवू नका. बनावट करणारा सहसा जागा मोकळी सोडत नाही, त्याला मजकूर विकायचा असतो.

मुख्य लेखाचा साचा जवळजवळ ठरलेला: तारीख, दात्याचं गाव आणि पद, ‘आदरपूर्वक करवली’, मूर्तीचं नाव, आणि मग पुण्य कोणाला अर्पण. आधी सम्राट, मग सात पिढ्यांचे आई-वडील, जन्मदाते, नातलग, शेवटी सगळे जीव. मागणीही ठरलेली: भावी बुद्ध मैत्रेय येईल तेव्हा नागपुष्प वृक्षाखालच्या त्याच्या तीन सभांना हजर राहता यावं, सगळ्यांना एकदम बुद्धत्व मिळावं. आपल्याकडे अजिंठ्याचे पाचव्या शतकातले लेख वाचलेल्याला हे अनोळखी वाटणार नाही. तिथे ‘देयधर्म’ म्हणून सुरुवात होते, यातलं पुण्य आई-वडिलांना धरून सर्व सत्त्वांना मिळो अशी मागणी येते. २६व्या लेण्यातल्या लेखात भिक्षू बुद्धभद्राने अश्मकाचा मंत्री भव्विराज आणि स्वतःचे आई-वडील यांच्यासाठी ते करवल्याचं लिहिलं आहे. दोन्हीकडचा काळ शेजारशेजारचा आहे. युनगांगची पहिली पाच लेणी इ.स. ४६०च्या सुमारास भिक्खू थानयाओच्या देखरेखीखाली सुरू झाली, आणि अजिंठ्याचं वाकाटककालीन काम त्याच पिढीतलं.

लेखात सम्राटाचा उल्लेख येतो तिथे एक-दोन अक्षरांची जागा मोकळी दिसली तर ती झीज समजू नका. आदर म्हणून तिथे जागा सोडतात किंवा नवी ओळ सुरू करतात.

आता घडवण्याकडे. उत्तर चीनमध्ये दगड प्रदेशाप्रमाणे बदलतो आणि काम त्या दगडाप्रमाणे. शान्शीत, म्हणजे युनगांगच्या बाजूला, वालुकाश्म. लोयांगजवळच्या लोंगमेन लेण्यांमध्ये घट्ट करडा चुनखडक. हबेईत छ्यूयांगच्या आसपास पांढरा संगमरवर, ज्याला तिथल्या लेखांत सरळ ‘जेड’ म्हटलंय. दक्षिणेत सिच्वानमध्ये लाल वालुकाश्म. आपल्या बेसाल्टवर काम केलेल्या पाथरवटाला यातला वालुकाश्म फार मऊ वाटेल. छिन्नी भराभर चालते, पण बारीक कडा टिकत नाही, म्हणून युनगांगचे आकार गोलसर आणि भरीव. लोंगमेनच्या चुनखडकात केसाएवढी रेघ धरून ठेवता येते. तिथे घड्या चपट्या, धारदार आणि लेख अप्रतिम आहेत, त्याला शैलीइतकाच दगडही कारण आहे.

सुट्या पट्टासाठी खाणीत भोकांची रांग पाडून पाचरी ठोकत आणि थराच्या रेषेत लादी सोडवत. १.८ मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर जाड लादी म्हणजे ०.३६ घनमीटर. चुनखडकाचं वजन घनमीटरला २.७ टन धरलं तर ही लादी जवळपास एक टन भरते. म्हणून खाण फार लांब नसे. थरावर सोडवलेली लादी उभी केली की दगडाचे थर दर्शनी बाजूला समांतर येतात. बांधकामात दगड असा शक्यतो बसवत नाहीत, कारण पाणी थरांत शिरलं की दर्शनी पापुद्रा सुटतो. पट्टाला पर्याय नसतो. वालुकाश्माच्या पट्टांवर चेहऱ्यासकट अख्खा पापुद्रा गेलेला दिसतो तो बहुधा यामुळे, दर वेळी मूर्तिभंजकांमुळे नव्हे.

लादी सरळ करून झाली की शाईच्या सुताने मधला उभा अक्ष आणि चौकटी आखायच्या. जिथे सर्वांत जास्त दगड काढायचा तिथून, म्हणजे मधल्या कोनाड्यापासून सुरुवात. जड घाव आधी पडले पाहिजेत. बारीक काम आधी झालं तर नंतरच्या घणाच्या हादऱ्याने ते उडतं. मग उठावातल्या बाजूच्या आकृती, वरचे ड्रॅगन, उडणारे गंधर्व, खाली धूपदाणी आणि तिच्या दोन बाजूंचे सिंह. मग रेखाटून कोरलेले दाते. लेखाची जागा वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत करायची आणि लेखकाने हिंगुळाच्या लाल रंगाने थेट दगडावर अक्षरं लिहायची. कोरणारा वेगळा. त्याला वाचता येत असेलच असं नाही, आणि ते दिसतं. एखाद्या अक्षरातली रेघ राहून गेलेली असते, कुठे आडव्या रेघा सगळ्या कोरल्यात आणि उभ्या निम्म्याच. घाईच्या कामात प्रत्येक रेघ दोन तिरक्या घावांत काढलेली असते, त्यामुळे टोकं त्रिकोणी, टोकदार दिसतात. कुंचल्याने असं वळण येत नाही, ते छिन्नीचं आहे.

याच्या अगदी उलट टोकाचं काम लोंगमेनच्या गुयांग लेण्यात आहे. शिपिंगच्या ड्यूकसाठी त्याचा मुलगा, भिक्खू हुइछंग याने कोरवलेल्या कोनाड्याचा लेख इ.स. ४९८चा. मजकूर मंग दाचा, अक्षर चू यीचांगचं, दोघांची नावं दिलेली. आणि अक्षरं खोदलेली नाहीत, उठावाची आहेत. चौकटींची जाळी आखून प्रत्येक घरात अक्षराभोवतीचा दगड काढून टाकलेला. खोदीव अक्षरात हात घसरला तर रेघ जरा जाड होते. उठावात घसरला तर अक्षरच तुटतं, आणि दुरुस्ती नाही. सुलेखनवाल्यांनी लोंगमेनमधले जे २० लेख नमुन्याचे म्हणून निवडले, त्यांतले १९ याच लेण्यात आहेत.

लेण्यांचं काम वरून खाली चालतं, वेरूळच्या कैलासासारखंच. त्यामुळे गुयांगमध्ये वरचे कोनाडे आधीचे, खालचे नंतरचे, असा ढोबळ नियम लागतो. सरकारी कामाचे आकडेही मिळतात. लोंगमेनमधल्याच बिनयांगच्या तीन लेण्यांचं काम इ.स. ५००मध्ये सुरू झालं. आधीच्या आराखड्यात लेण्याचा माथा जमिनीपासून ३१० चिनी फूट उंच होता, आजच्या मापात ८५ ते ९० मीटर. डोंगर एवढा छाटणं परवडणार नाही म्हणून नंतर आराखडा १०० फुटांवर आणला गेला. इ.स. ५२३पर्यंत ८,०२,३६६ मनुष्यदिवस खर्ची पडल्याची वेई राजवंशाच्या इतिहासात नोंद आहे. भागाकार केला तर रोज सरासरी नव्वद-पंचाण्णव माणसं, साडेतेवीस वर्षं. तरीही त्या काळात तीनपैकी एकच लेणं पूर्ण झालं. खेड्यातल्या मंडळाला पट्ट उभा करायला दहा वर्षं लागली तर नवल वाटायला नको.

कोरीव काम झालं म्हणजे मूर्ती झाली असं नाही. वर पांढरा थर, त्यावर हिंगुळाचा लाल, गेरू, तांब्याच्या खनिजांचे हिरवे-निळे रंग आणि त्वचेवर सोनं. हे पुरेसं दिसतं ते शान्तोंगमधल्या छिंगचौला. तिथल्या लोंगशिंग मंदिराच्या जागेवर १९९६मध्ये सुमारे ६० चौरस मीटरचा खड्डा सापडला आणि त्यात चारशेहून अधिक मूर्ती पुरलेल्या होत्या. अनेकींवर रंग आणि सोनं शाबूत. त्यांच्या अंगावरची वस्त्रं कित्येकदा जवळजवळ सपाट कोरलेली आहेत, कारण कापडाचे पट्टे रंगाने काढायचे होते. रंग गेलेली तशीच मूर्ती कोणी ‘साधेपणाचं सौंदर्य’ म्हणून वाखाणली, तर ती वाखाणणी धुवून गेलेल्या दगडाची आहे. छ्यूयांगच्या शिउद मंदिराच्या जागी १९५३-५४मध्ये २,२००हून अधिक आणि येचंगजवळ २०१२मध्ये २,८९५ तुकडे मिळाले, बहुतेक पांढरा संगमरवर. हे तिन्ही साठे खड्ड्यातून आलेत, त्यामुळे तुलनेसाठी सर्वांत भरवशाचे.

शैलीवरून काळ ढोबळ सांगता येतो. ४६०-७०च्या मूर्ती रुंद खांद्यांच्या, उजवा खांदा उघडा किंवा जेमतेम झाकलेला. सम्राट शियाओवनने ४९४च्या सुमारास राजधानी लोयांगला हलवली, त्याच्या थोडं आधीपासून चिनी दरबारी झगा येतो: छातीवर गाठ मारलेला पट्टा, खाली माशाच्या शेपटीसारखं पसरलेलं वस्त्र, सडपातळ लांबट चेहरा. ५५०नंतर उत्तर छी राजवंशाच्या काळात शरीर पुन्हा गोलाईचं, वस्त्र अंगाला चिकटलेलं. गुप्तकाळातलं सारनाथ इथे आठवतंच. पण शैलीवर पंधरा-वीस वर्षांपेक्षा बारीक तारीख काढू नका. आडगावचा पाथरवट राजधानीच्या मागे असतो, आणि मूर्तीचा प्रकार व लेखातलं नाव जुळत नाही असंही होतं.

बारीक तारीख लेखातून, आणि ती तपासता येते. चिनी वर्षाला दहाच्या आणि बाराच्या चक्रातून एक जोडनाव मिळतं. दहाच्या चक्रातलं चिन्ह इसवी सनाच्या शेवटच्या अंकाला कायमचं बांधलेलं: चिया ४, यी ५, बिंग ६, दिंग ७, वू ८, ची ९, गंग ०, शिन १, रन २, ग्वेई ३. बाराच्या चक्रासाठी सनाला १२ने भागा. बाकी ४ उरली तर उंदीर, ५ बैल, असं पुढे ११ला मेंढी, ० माकड, १ कोंबडा, २ कुत्रा, ३ डुक्कर.

फिलाडेल्फियाच्या पेन संग्रहालयात त्साओ वांगशी या अधिकाऱ्याने करवलेल्या मैत्रेयाची बैठक आहे. तारीख अशी: चंगगुआंग ६वं वर्ष, यी-सर्प, तिसरा महिना, महिन्याची प्रतिपदा यी-सर्प, विसावा दिवस चिया-उंदीर. चंगगुआंग हा सम्राटाने जाहीर केलेला राजशक, त्याचं पहिलं वर्ष ५२०, म्हणून सहावं ५२५. शेवटचा अंक ५, म्हणजे यी, बरोबर. ५२५ला १२ने भागून बाकी ९, म्हणजे सर्प, बरोबर. दिवसांनाही साठाचंच चक्र असतं. यी-सर्प त्यातला ४२वा, त्यात १९ मिळवले की ६१, म्हणजे पुन्हा पहिला, चिया-उंदीर. तेही जुळलं. शिवाय त्याच वर्षी सहाव्या महिन्यात राजशक बदलून शियाओछांग झाला. हा लेख तिसऱ्या महिन्यातला, म्हणून जुनं नाव योग्यच. त्याच वर्षाच्या दहाव्या महिन्याला कोणी ‘चंगगुआंग ६’ म्हणत असेल तर जरा थांबावं. अकराव्या-बाराव्या महिन्याच्या तारखा इसवी सनाच्या पुढच्या वर्षात सांडतात, तेवढंच सांभाळा.

गणित जुळलं म्हणजे दगड खरा असं मात्र नाही. खऱ्या लेखाची नक्कल केली तर गणितही नक्कल होतंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी बाजार तापला तेव्हा सर्वांत जास्त झालेली लबाडी म्हणजे जुन्या, लेख नसलेल्या मूर्तीवर नवा लेख. तारीख असली की किंमत वाढते. अशा वेळी मूर्ती बघण्यात वेळ घालवू नका, अक्षरांच्या खाचांत बघा. आजूबाजूच्या पृष्ठभागावर जी पुटं आणि झीज आहे तीच खाचेच्या तळाशी हवी. अक्षर तुटलेल्या कडेपर्यंत जाऊन तिथे कापलं गेलंय की कडेच्या अलीकडेच व्यवस्थित आटोपलंय? दुसरं असेल तर तुटणं आधीचं आणि लेख नंतरचा. याला एक अपवाद आहे. खाणीतूनच आलेल्या शिरेला मूळ कोरणाराही वळसा घालतो, त्यामुळे भेग जुनी की ताजी हे आधी ठरवावं लागतं. आम्लात बुडवून ‘जुना’ केलेला चुनखडक सगळीकडे सारखाच झिजतो, खोलगट भागही, आणि कॅल्साइटच्या शिरा वर उठून दिसतात. निसर्ग पावसाची बाजू आणि आडोशाची बाजू वेगळी झिजवतो.

डोकी नसलेल्या मूर्तींबद्दलही घाई नको. ५७४मध्ये उत्तर चौ राजवंशाच्या सम्राटाने बौद्ध धर्मावर बंदी आणली आणि ५७७मध्ये छी जिंकल्यावर ती तिकडेही लागू झाली. तेव्हाचे घाव वेडेवाकडे, नाक-चेहऱ्यावर. बाजारासाठी काढलेल्या डोक्याखाली मानेभोवती टाकीच्या ठशांची रांग असते. बिनयांगमधले सम्राट आणि सम्राज्ञीच्या मिरवणुकीचे पट १९३०च्या दशकात असेच तुकड्या-तुकड्यांनी काढले गेले. आज एक न्यूयॉर्कला आहे, दुसरा कॅन्सस सिटीला. आणि मूर्तीच्या अंगावर ओळीने गोल भोकं दिसली, जशी युनगांगच्या २०व्या लेण्यातल्या बुद्धावर आहेत, तर ती गोळ्यांची नाहीत. नंतरच्या काळात झिजलेल्या दगडावर मातीचा लेप धरून ठेवायला मारलेल्या खुंट्यांची आहेत.

शेवटी ठसे. लेख वाचायचा तो शक्यतो जुन्या ठशावरून, कारण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी शाबूत असलेली अक्षरं आज दगडावर नसतात. ठसा घेताना पातळ ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकतात, जवळजवळ सुकला की शाईची गादी हलक्या हाताने टेकवत जातात. कागद जास्त ओला असेल तर शाई पाझरून दगडाला लागते. जास्त सुकला तर कडा उचलतात आणि अक्षर दुहेरी येतं. रंगाचा अंश किंवा सुटणारा पापुद्रा असलेल्या दगडावर हे करायचंच नाही. तिथे बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढलेले फोटो पुरेसे असतात. ठसा हाती आला तरी तो मूळ दगडाचाच आहे का ते बघा, कारण प्रसिद्ध लेख दुसऱ्या दगडावर किंवा लाकडी फळीवर पुन्हा कोरून त्यांचे ठसे विकले गेलेत. अशा ठशात अक्षरं सुबक असतात, पण दगडाची जुनी टवके उडालेली जागा गुळगुळीत, हाताने काढल्यासारखी दिसते. त्याच लेखाचे दोन-तीन संग्रहांतले ठसे शेजारी ठेवून टवक्यांचे आकार ताडून बघितले की फरक बहुधा पाच मिनिटांत कळतो.